गाळ्यातला सर्व्हर: फिजिकल घ्यावा की व्हर्च्युअल? ३५ माणसांच्या कंपनीसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळे एमआयडीसीत गाळा, ऑफिस आणि शॉपफ्लोअर धरून ३५ कॉम्प्युटर, एकच जुना टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, आणि त्याच एकावर टॅली, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारा ईआरपी (कंपनीचा रोजचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर), ड्रॉइंगचं शेअर फोल्डर, युजर लॉगिन, सगळं. ईआरपी दुपारनंतर रांगायला लागतो. एका व्हेंडरने दोन नवीन फिजिकल सर्व्हरचं कोटेशन दिलंय, दुसरा म्हणतो सर्व्हर घेऊच नका, सगळं क्लाउडवर व्हर्च्युअल करू, महिन्याला भाडं भरा. आणि प्रश्न विचारणारे बघतात अकाउंट्स, पण आयटीपण त्यांच्याच गळ्यात पडलंय, जे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या निम्म्या कंपन्यांत असतं.

दोघे व्हेंडर अर्धं खरं बोलतायत आणि दोघेही आपापला माल विकतायत. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल: एक चांगला फिजिकल सर्व्हर घ्या, पण त्यावर विंडोज थेट टाकू नका, हायपरव्हायझर (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि त्यावर तीन-चार व्हर्च्युअल सर्व्हर करा, सोबत दुसरा हलका होस्ट, म्हणजे हे व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारं मशीन, ठेवा, बॅकअप या दोघांपासून पूर्ण वेगळा ठेवा, आणि क्लाउड फक्त मेल आणि बाहेरच्या बॅकअपसाठी वापरा. आता का ते.

पहिली गोष्ट, व्हर्च्युअल म्हणजे क्लाउड नाही. हा गोंधळ व्हेंडर लोक मुद्दाम सोडवत नाहीत. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे एका लोखंडी मशीनवर हायपरव्हायझर नावाचा थर असतो आणि तो त्याच्यावर चार-पाच वेगवेगळे सर्व्हर (यांनाच व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम म्हणतात) चालवतो, प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतःचं प्रोसेसर, रॅम, डिस्क आहे. ते मशीन तुमच्या गाळ्यात असू शकतं, महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये असू शकतं नाहीतर अॅमेझॉनचं असू शकतं. कुठे ठेवायचं हा एक प्रश्न आणि कसं चालवायचं हा दुसरा, दोन्ही वेगळे सोडवा. आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का, आयबीएमचं व्हीएम ३७० मेनफ्रेमवर १९७२ साली आलंय. आपल्या साध्या इंटेल सर्व्हरच्या चिपमध्ये त्याची सोय २००५ पासून यायला लागली आणि लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर २००७ साली आला, म्हणजे भरपूर तावून सुलाखून झालेली गोष्ट आहे.

लोक सांगतात की व्हर्च्युअल केलं की हार्डवेअरचे पैसे वाचतात. वाचतात, पण तुमच्या साईजला तो फायदा किरकोळ आहे, चाराचा एक झाला तर वाचतात, तुमच्याकडे आहेच एक. खरा फायदा वेगळा आहे आणि तो ज्या दिवशी मदरबोर्ड जातो त्या दिवशी कळतो. फिजिकल सर्व्हरवर विंडोज थेट टाकलेलं असेल तर ते त्या मशीनच्या रेड कंट्रोलरला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला), नेटवर्क कार्डला, ड्रायव्हरला चिकटलेलं असतं, मशीन बदललं की तेच विंडोज उठेल याची खात्री नाही, मग नवीन इन्स्टॉल, मग ईआरपीवाल्याचा इंजिनिअर पुण्याहून येणार, मग त्याला जुनी सेटिंग आठवणार नाहीत, दोन-तीन दिवस गेट पास हाताने लिहा. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे शेवटी एक-दोन मोठ्या फाईली असतात, त्या दुसऱ्या होस्टवर ठेवल्या, चालू केलं, झालं, खाली डेल आहे की एचपी याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वागळे इस्टेटमधल्या एका जॉब वर्कवाल्याकडे ऐन महिनाअखेरीला होस्ट मेला होता, आम्ही त्याच्या डिझायनरच्या वर्कस्टेशनवर हायपरव्ही (विंडोजमधला हायपरव्हायझर) चालू करून बॅकअपमधून ईआरपीची व्हीएम तिथे उठवली, हळू चालली, पण चलनं निघाली. हे थेट फिजिकलवर असतं तर त्या दिवशी जमलंच नसतं.

त्यामुळे मी तर एकच सर्व्हर आणि एकच काम असलं तरी त्यावर व्हीएमच करतो.

आता याची दुसरी बाजू, जी क्लाउडवालाही सांगत नाही आणि हार्डवेअरवालाही नीट सांगत नाही. सगळे व्हर्च्युअल सर्व्हर एका होस्टवर म्हणजे सगळे कपडे एका दोरीवर, दोरी तुटली की सगळेच चिखलात. म्हणून दुसरा होस्ट. तो पहिल्याएवढा दणकट नको, ईआरपी, टॅली आणि लॉगिन एवढं जेमतेम ओढेल इतका पुरे. हायपरव्हीमध्ये रेप्लिका नावाची सोय आहे, ती दर ३० सेकंदांनी, ५ मिनिटांनी किंवा १५ मिनिटांनी बदल दुसऱ्या होस्टकडे पाठवते, क्लस्टर (एकत्र बांधलेल्या मशीनचा गट) लागत नाही, महागडं शेअर्ड स्टोरेज लागत नाही. तुमच्यासाठी ५ मिनिटं भरपूर झाली. प्रॉक्समॉक्स (लिनक्सवरचा हायपरव्हायझर) घेतलंत तर त्यातही झेडएफएस प्रकारे मांडलेल्या डिस्कवर असंच रेप्लिकेशन आहे, फक्त दोनच मशीनचं क्लस्टर केलंत तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याला बहुमत मिळत नाही आणि ते हट्ट करून बसतं, त्यासाठी तिसरं मत देणारं एखादं छोटं डबडं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

व्हीएमवेअर या तिसऱ्या हायपरव्हायझरचं कोटेशन कोणी दिलं तर सरळ विचारा की का. माल वाईट नाही, उलट वर्षानुवर्षं आम्ही तेच टाकत होतो, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने कंपनी घेतली आणि एकदा घेतलं की कायमचं असं लायसन्स विकणं बंद केलं, आता सबस्क्रिप्शन. ३५ माणसांच्या कंपनीने त्या भानगडीत पडायचं कारण नाही. हायपरव्ही विंडोज सर्व्हरच्या लायसन्समध्येच येतं, प्रॉक्समॉक्स फुकट वापरता येतं आणि सपोर्ट पाहिजे तर पैसे भरता येतात. तुमचा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा माणूस) ज्याच्यात हात चालवू शकतो ते घ्या. मला प्रॉक्समॉक्स जास्त आवडतं, पण तुमच्या एएमसीच्या पोराला लिनक्सची काळी स्क्रीन बघून घाम फुटत असेल तर हायपरव्हीच बरं.

आता ईआरपी रांगतो त्याबद्दल, कारण मला वाटतं खरा त्रास हाच आहे आणि नवीन सर्व्हरचा विषय त्याच्यातूनच निघालाय. पैसे घालवण्याआधी कारण शोधा. जुन्या टॉवरमध्ये बहुतेक ७२०० आरपीएमच्या फिरत्या डिस्क असणार. अशी डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे हवा तो डेटा डिस्क वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, चार मिलिसेकंद, वर डोकं सरकायला सात-आठ, म्हणजे सेकंदाला इकडून तिकडून ऐंशीएक कामं. त्याच डिस्कवर ईआरपी, टॅली आणि ड्रॉइंगच्या फाईली, दुपारी सगळे एकदम बसले की रांग लागणारच. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवरची डिस्क, हजारोंनी कामं करते, तिथे फरक रात्र-दिवसाचा आहे. आणि हे कळीचं आहे कारण अशाच फिरत्या डिस्कवर कोणी तुम्हाला चार व्हीएम करून दिल्या तर आत्तापेक्षा वाईट हाल होतील आणि मग तुम्ही सगळीकडे सांगत फिराल की व्हर्च्युअल स्लो असतं. नीट बनवलेल्या होस्टवर हायपरव्हायझरमुळे होणारा फरक तुमच्या कामात जाणवतसुद्धा नाही, जाणवतो तो डिस्कचा आणि रॅमचा.

दुसरं कारण, ईआरपीवाल्याने पैसे वाचवायला एसक्यूएलची फुकटची एक्सप्रेस एडिशन टाकली असेल. २०२२ च्या एक्सप्रेसपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि डेटा मेमरीत धरून ठेवायला ती साधारण १.४ जीबीच रॅम वापरते, तुम्ही सर्व्हरमध्ये १२८ जीबी टाका, ती बघणारसुद्धा नाही. प्रोसेसरचं म्हणाल तर एक सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) किंवा चार कोर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग), यातलं जे कमी ते. यात व्हीएम करणारे हमखास फसतात: व्हीएमला चार प्रोसेसर द्यायचे म्हणून चार सॉकेट आणि प्रत्येकी एक कोर अशी सेटिंग ठेवतात, एक्सप्रेस एकच सॉकेट बघते आणि एका कोरवर गाडा ओढत बसते. एक सॉकेट, चार कोर असं करा, फुकटात स्पीड वाढतो. हे आजच तपासा: डेटाबेस किती जीबीचा झालाय आणि एडिशन कुठली आहे.

लायसन्सचं आता नीट ऐका, कारण कोटेशनमध्ये गडबड इथे असते. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स फिजिकल कोरवर मोजतात, एका सर्व्हरला किमान १६ कोरचं घ्यावंच लागतं, सर्व्हरमध्ये आठच कोर असले तरी. सगळे कोर एकदा लायसन्स केले की दोन विंडोज व्हीएम चालवायचा हक्क मिळतो, तिसरी-चौथी पाहिजे तर सगळे कोर परत एकदा मोजून पैसे. यातून खरेदीचं गणित आपोआप निघतं. एक सॉकेट, १६ कोर, जास्त वेगाचा प्रोसेसर घ्या. पहिल्या व्हेंडरने दोन सॉकेटचं २४ कोरचं दिलं असेल तर तुम्ही आठ कोरचं जास्तीचं लायसन्स भरताय आणि ते कोर तुमच्याकडे झोपा काढणार आहेत. वर ३५ युजरचे कॅल (सर्व्हर वापरायचं प्रत्येकाचं लायसन्स) वेगळे, आणि कोणी रिमोट डेस्कटॉपने (सर्व्हरची स्क्रीन आपल्या पीसीवर उघडून) टॅली चालवणार असेल तर त्याचे कॅल आणखी वेगळे. दुसऱ्या होस्टवर रेप्लिका ठेवलीत तर त्या होस्टलाही सहसा लायसन्स लागतं, आज इकडे उद्या तिकडे असं तेच लायसन्स फिरवता येत नाही, हार्डवेअर कायमचं गेलं तर गोष्ट वेगळी, एरवी ९० दिवसांचा नियम आहे. आणि मशीनसोबत स्वस्तात आलेलं ओईएम लायसन्स त्याच मशीनसोबत मरतं, दुसरीकडे नेता येत नाही.

रॅमचा हिशेब: लॉगिनची व्हीएम ४ जीबी, फाईलची ८, ईआरपी आणि एसक्यूएलची ३२, टॅलीची रिमोट डेस्कटॉपवाली १६ ते २४. साठ-सत्तर झाली, १२८ घ्या. प्रोसेसर व्हीएमना थोडे जास्त वाटले तरी चालतात, सगळे एका वेळी पळत नाहीत, पण रॅम आहे त्यापेक्षा जास्त वाटू नका. डिस्क चार एंटरप्राईज एसएसडी, रेड १० (प्रत्येक डिस्कची जोडीदार डिस्कवर जुळी प्रत). लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या लॅपटॉपच्या एसएसडी नकोत, लाईट गेल्यावर हातातलं लिहिणं पूर्ण करायला लागणारा कपॅसिटर त्यात बहुतेक नसतो, आणि आपल्याकडे लाईट जाते.

क्लाउडचं काय? माझा त्याला विरोध नाही. अॅमेझॉनचं मुंबई रिजन २०१६ पासून आहे, नवी मुंबईत तर तुमच्या आजूबाजूलाच डेटा सेंटर उभी आहेत, अंतराचा प्रश्न नाही. प्रश्न तुमच्या कामाचा आहे. तुमच्या डिझायनरची ५०० एमबीची असेंब्ली १०० एमबीपीएसच्या लाईनवरून उघडायला, लाईन पूर्ण मोकळी असली तरी ४० सेकंद, गाळ्यातल्या गिगाबिट स्विचवर चार-पाच सेकंद. तो माणूस दिवसातून किती फाईली उघडतो ते त्यालाच विचारा. टॅलीचा डेटा क्लाउडवर आणि टॅली तुमच्या पीसीवर असं तर करूच नका, व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) ते रडतं, ते रिमोट डेस्कटॉपनेच वापरायला लागतं. आणि इंटरनेट गेलं की गेट पास बंद. दोन लाईन घेतो म्हणाल, घ्या, पण एमआयडीसीत दोन्ही कंपन्यांच्या केबल बऱ्याचदा एकाच चरातून येतात आणि रस्ता काँक्रीटचा करायला आलेला जेसीबी भेदभाव करत नाही. दुसरी लाईन वायरलेस किंवा फाईव्हजी ठेवा.

पैशाचं गणित पाच-सहा वर्षांचं करा. कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनमध्ये सर्व्हरचं आयुष्य ६ वर्षं धरलंय, तेवढंच धरायला हरकत नाही. क्लाउडचं महिन्याचं बिल गुणिले साठ किंवा बहात्तर, त्यात विंडोजचं भाडं, बॅकअप, बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे सगळं धरून, कारण पहिल्या कोटेशनमध्ये फक्त मशीनचं भाडं दाखवतात. आणि सर्वात स्वस्त मशीन बहुतेक वेळा अशी असते की प्रोसेसर सतत वापरलात तर ती मुद्दाम हळू केली जाते. गाळ्यातल्या सर्व्हरलाही लपलेला खर्च आहे: सरासरी ३०० वॅट धरले तर दिवसाला ७.२ युनिट, वर्षाला २,६२८, दहा रुपये युनिट धरलं तर २६ हजारांच्या वर, आणि एसी वेगळा. हे धरूनही चोवीस तास, वर्षभर, ठरलेल्या ३५ माणसांचं काम असेल तर स्वतःचा होस्ट स्वस्त पडतो असंच मी बघत आलोय. क्लाउड स्वस्त पडतो जिथे काम कमी-जास्त होतं, उदाहरणार्थ वेबसाईट, ग्राहकांचं पोर्टल, किंवा चार गावांत चार ब्रँच. पुढे चाकणला प्लांट टाकलात तर हा हिशेब परत मांडा.

मधला रस्ता म्हणजे कोलोकेशन, सर्व्हर तुमचा, पण ठेवायचा डेटा सेंटरच्या रॅकमध्ये, वीज-थंडावा त्यांचा. तुमच्या ड्रॉइंगच्या फाईलींमुळे मी तुम्हाला सुचवणार नाही, इंटरनेटचा तोच प्रश्न येतो.

गाळ्यात ठेवणार असाल तर जागा मात्र बघा, आपल्या भागाचा हा वेगळा त्रास आहे. तळमजल्यावर नको, पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर न्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ठाण्या-मुंबईच्या तळमजल्यांचं काय झालं ते जुन्या लोकांना विचारा. आणि आजूबाजूला केमिकल कंपन्या असतील तर खिडकी उघडी ठेवून सर्व्हर चालवू नका, हवेतल्या गंधकाच्या वायूंनी सर्किटवरचं तांबं-चांदी काळं पडतं आणि दोन-तीन वर्षांत विनाकारण बंद पडायला लागतं. यूपीएसबद्दल एवढंच की नुसता बॅकअप टाईम वाढवून उपयोग नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाणे-नवी मुंबईची लाईट एकदम गेली आणि कित्येक ठिकाणी तासन् तास आली नाही, त्यापुढे कुठली बॅटरी पुरणार? यूपीएसची यूएसबी किंवा नेटवर्क केबल होस्टला जोडा म्हणजे बॅटरी संपायच्या आत होस्ट आधी व्हीएम बंद करेल आणि मग स्वतः झोपेल. व्हीएम असल्या की बंद व्हायला जास्त वेळ लागतो, घड्याळ लावून मोजा.

बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नाही, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) म्हणजे बॅकअप नाही, रेप्लिकासुद्धा नाही, रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाईली लॉक केल्या की पाच मिनिटांत रेप्लिकावरही लॉक झालेल्याच जातात. वेगळा फिजिकल नास (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) घ्या, त्याला डोमेनमध्ये (कंपनीच्या सामाईक लॉगिनमध्ये) घेऊ नका, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. सॉफ्टवेअर म्हणाल तर वीमची कम्युनिटी एडिशन दहा मशीनपर्यंत फुकट आहे. आणि एक कॉपी गाळ्याच्या बाहेर, ही क्लाउडवर ठेवा, ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणालाच डिलीट करता येणार नाही अशा लॉकने. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर पाहिजे, ऑडिटर विचारेल, म्हणून मुंबई किंवा हैदराबाद असंच रिजन निवडा. क्लाउडवर आहे म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही हो, मार्च २०२१ मध्ये फ्रान्सात स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचा डेटा गेला.

काही गोष्टी व्हर्च्युअल करूच नका. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, तो चोवीस तास डिस्क घासत असतो. सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारा सिरीयल पोर्टवाला पीसी. यूएसबी डोंगलवर (लायसन्सच्या चावीवर) चालणारं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल करता येतं, पण डोंगल होस्टला अडकतो आणि व्हीएम दुसरीकडे नेली की सॉफ्टवेअर रुसतं, अशांना नेटवर्क लायसन्स मिळतं का विचारा.

राहिला जुना २०१२ आर२. त्याचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय. जसाच्या तसा उचलून व्हीएममध्ये टाकता येतो, डिस्कटूव्हीएचडी नावाचं फुकटचं टूल आहे, पण काम चालू ठेवायला तसं करू नका, ओईएम असेल तर लायसन्सही बसत नाही. नव्या व्हीएम नव्या विंडोजवर कोऱ्या करा, एकेक काम शनिवार-रविवार बघून हलवा: आधी लॉगिन, मग फाईली, मग टॅली, ईआरपी सगळ्यात शेवटी. ईआरपीवाल्याकडून आधी मेलवर लिहून घ्या की तो व्हीएमवर सपोर्ट देतो, नंतर हात वर करतात.

आणि व्हेंडरशी पेमेंट ठरवताना एक अट टाका. सगळं उभं झाल्यावर एका रविवारी त्याच्यासमोर पहिल्या होस्टची वायर काढायची, दुसऱ्यावर ईआरपी उठवून एक चलन प्रिंट काढायचं, मग नासवरच्या बॅकअपमधून एक व्हीएम परत उभी करून दाखवायची, आणि किती वेळ लागला ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या. शेवटचे पंधरा-वीस टक्के त्यानंतरच सोडा.